'ब्रेक' होता की नव्हता? 'फ्रेंड्स'वरून लोक अजून का भांडतात

माझी भाची एकवीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेचे दहाच्या दहा सीझन तीन आठवड्यांत संपवले आणि मला फोन केला. "मावशी, तुला हा रॉस आवडायचा? खरंच?" सूर असा, की जणू मी कुण्या गुंडाला मत देऊन आले आहे.

"आवडायचा म्हणजे? डोळे पुसलेत मी त्याच्यासाठी."

"अगं, पण केवढा संशयी आहे तो! आणि रडका."

मालिका तीच, भाग तेच, संवादही तेच. तरी आम्ही दोघी वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलत होतो. आमचंच असं आहे असंही नाही. मालिका संपून वीस वर्षं उलटली, पण तिचा विषय निघाला की शांत माणसंही तावातावाने बोलायला लागतात. कुणी म्हणतं, यापेक्षा चांगलं काही झालंच नाही. कुणी म्हणतं, ते मागचं हसणं काढून टाका, मग बघा काही उरतं का. कुणाला त्यातले विनोद आता खटकतात. आणि त्यातल्या रॉस-रेचल या प्रेमी जोडीचा 'ब्रेक' होता की नव्हता, यावर तर लग्न झालेली जोडपीही एकमत करत नाहीत.

माझं म्हणणं असं, की यातली बरीचशी भांडणं मालिकेतल्या माणसांबद्दल नाहीतच. मालिका कशी बनवली गेली आणि आपण ती कशी बघितली, यात त्यांची मुळं आहेत.

आधी थोडं व्याकरण

'सिटकॉम' म्हणजे 'सिच्युएशन कॉमेडी'. ठरलेली माणसं, ठरलेल्या दोन-तीन जागा आणि दर भागात नवा घोळ. 'फ्रेंड्स'मध्ये माणसं सहा: मोनिका, रेचल, फीबी, जोई, चँडलर आणि रॉस. जागा म्हणजे न्यूयॉर्कमधली समोरासमोरची दोन घरं आणि 'सेंट्रल पर्क' नावाचं कॉफीचं दुकान. मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन यांनी ती निर्माण केली. एनबीसी वाहिनीवर पहिला भाग २२ सप्टेंबर १९९४ ला लागला, शेवटचा ६ मे २००४ ला. एकूण २३६ भाग. शेवटचा भाग अमेरिकेत सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला.

अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात उरतात साधारण बावीस मिनिटं. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकमेकींना खेटून चालतात. एक मोठी, एक मधली, एक चिल्लर. मोठ्या गोष्टीत कुणाचं तरी मन मोडत असतं, तेव्हा चिल्लर गोष्टीत जोईचं डोकं टर्की पक्ष्याच्या पोटात अडकलेलं असतं. हे नुसतं जागा भरणं नव्हे. या मालिकेत दुःखाला कधी एकटं सोडत नाहीत, त्याच्या शेजारी कुणीतरी मूर्खपणा करत बसलेलं असतंच. ज्यांना मालिका 'उबदार' वाटते आणि ज्यांना 'उथळ' वाटते, ते दोघंही याच युक्तीबद्दल बोलत असतात.

पण ते हसणं खोटं असतं ना?

ही सगळ्यात जुनी तक्रार. ती अर्धी खरी आहे.

मालिका चित्रित करायच्या दोन मुख्य रीती. एकीत सिनेमासारखं एकेक शॉट घेत जातात, तिथे प्रेक्षक नसतो. दुसरीत सेटची चौथी भिंत नसते, समोर तीन-चार कॅमेरे एकदम चालू असतात आणि त्यांच्या मागे खुर्च्यांवर माणसं बसलेली असतात. 'फ्रेंड्स' ही दुसऱ्या रीतीची. न्यूयॉर्क फक्त गोष्टीत. सेट होता कॅलिफोर्नियात, बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत. समोर साधारण तीनशे प्रेक्षक. एका भागाच्या चित्रीकरणाला कित्येक तास लागत, कारण एखादा विनोद पडला की लेखक तिथल्या तिथे डोकं एकत्र करून नवी ओळ आणत आणि प्रसंग पुन्हा होत असे. म्हणजे आपण जे बघतो ते जवळजवळ नाटक आहे, फक्त फसलेले प्रयोग कापून टाकलेलं.

नाटकातला नट 'लाफ घेतो'. ओळ टाकली, हशा पिकला, की तो थांबतो. हशा उतरणीला लागला की पुढची ओळ. लवकर बोलला तर ओळ बुडते, उशीर केला तर प्रयोग थंड होतो. चँडलर झालेल्या मॅथ्यू पेरीचं निम्मं काम या थांबण्यात आहे.

म्हणूनच इंटरनेटवर हशा काढून टाकलेल्या ज्या क्लिपा फिरतात, त्या मला फसव्या वाटतात. रॉस काहीतरी बोलतो, चार सेकंद रेचलकडे नुसता टक लावून बघतो, मग पुन्हा बोलतो. भीतीच वाटते त्याची. पण शेजारी बसलेल्या माणसाचं फोनवरचं बोलणं एका बाजूने ऐकून बघा. "हो... (शांतता)... नाही हो!... (शांतता)... चावला?" तोही वेडाच वाटेल. पलीकडचा आवाज तुम्ही काढून टाकलात, त्याला तो काय करणार?

मग अर्धी तक्रार खरी का म्हटलं? तर हशा खरा असला तरी तो जसाच्या तसा ठेवत नाहीत. संकलनात कुठे त्याला वर उचलतात, कुठे दाबतात, दोन टेकमधला जोड लपवायला मध्ये थोडा भरतात. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने यासाठी चक्क एक यंत्रच बनवलं होतं. बटण दाबलं की खुदखुद, दुसरं दाबलं की खो-खो. तेव्हापासून अमेरिकन टीव्हीवर खऱ्या हशाला असा मेकअप करायची पद्धत पडली. आहे तो चेहरा खराच.

आणि त्या तीनशे जणांचं वजन नुसतं आवाजापुरतं नव्हतं. चौथ्या सीझनचा शेवट लंडनमध्ये, तिथल्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाला. चँडलर पलंगावर आहे, आणि पांघरुणाखालून अचानक मोनिका वर येते. लेखकांच्या मनात ही एका रात्रीची गंमत होती, फार तर चार दिवसांची. पण प्रेक्षकांनी जो गलका केला, तो थांबेना. इतका आनंद? लेखकांनी बेत बदलला. पुढे त्या दोघांचं लग्न झालं, त्यांनी जुळी मुलं दत्तक घेतली आणि मालिकेतलं सगळ्यात शहाणं जोडपं म्हणून आज लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात.

आता तो ब्रेक

यावर जरा निवांत बसू या, कारण इथे लेखन फार चलाख आहे आणि लोक दोन्ही बाजूंनी घाईत निकाल देतात.

तिसरा सीझन, फेब्रुवारी १९९७. रेचलला ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात नवी, मनासारखी नोकरी लागली आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं काहीतरी मिळालंय. ती नोकरी मिळायला मार्क नावाच्या देखण्या सहकाऱ्याने मदत केली आहे आणि रॉसला तो डोळ्यांसमोर नको आहे. दोघांच्या नात्याच्या वर्षपूर्तीच्या रात्री रेचल कामात अडकते. रॉस पिकनिकची टोपली घेऊन थेट तिच्या ऑफिसात जातो, तिच्या टेबलावर जेवण मांडतो, मेणबत्ती लावतो. ती फोनवर, कामाचा गोंधळ चाललेला, आणि त्यात काहीतरी पेटतंसुद्धा. ती त्याला घरी जायला सांगते.

रात्री घरी भांडण. ती म्हणते, आपण ब्रेक घेऊ. त्याला वाटतं, हे भांडण जरा थांबवू, बाहेर जाऊन फ्रोझन योगर्ट खाऊ. ती सांगते, तसा नाही, आपल्यापासूनच ब्रेक. तो निघून जातो.

'ब्रेक' या शब्दाची गंमत बघा. भांडण थांबवणं, काही दिवस लांब राहणं आणि नातं संपवणं, या तिन्ही गोष्टी त्यात मावतात. आपल्याकडे कुणी "जरा थांबू या" म्हटलं तरी असाच घोळ होईल. किती थांबायचं, थांबून काय करायचं, दुसऱ्या गाडीत बसायची मुभा आहे का, काहीच ठरलेलं नाही.

त्याच रात्री रॉस चँडलर-जोईसोबत असताना रेचलला फोन करतो. मागून मार्कचा आवाज येतो. ती रडत होती म्हणून तो आलेला, पण रॉसला फक्त आवाज ऐकू येतो. तो फोन ठेवतो आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या क्लोईबरोबर नाचायला लागतो. सकाळी क्लोई त्याच्या घरात आणि फोनच्या यंत्रावर रेचलचा निरोप: मी येतेय, मिटवू या.

रॉसचे वकील म्हणतात, शब्द तिचा, ब्रेक तिचा, मग गुन्हा कसला? रेचलचे वकील म्हणतात, काही तासांत? माझं मत रेचलकडे झुकतं, पण कारण वेगळं आहे. रॉसने फोन केला होता ना? मिटवायलाच केला होता. संपलेल्या नात्यातला माणूस त्याच रात्री मिटवायला फोन करत नाही. नातं संपलेलं नाही हे त्याला मनात ठाऊक होतं. 'ब्रेक होता' हा बचाव त्याला सकाळी सुचला. आणि ती दारात आल्यावर क्लोईला दाराआड लपवून त्याने मिठी मारली, ती मात्र कुठल्याच व्याख्येत बसत नाही. पुढे सबंध भाग तो ही बातमी रेचलपर्यंत पोचू नये म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे धावतो. पकडायला गेला तो शेवटचा माणूस, कॉफीच्या दुकानातला गंथर, तिला सांगून मोकळाही झालेला असतो.

मग ते मोठं भांडण. मोनिकाच्या दिवाणखान्यात दोघं एकमेकांना फाडत असतात आणि बाकीचे चौघं आतल्या खोलीत अडकलेले. बाहेर पडायची सोय नाही, तास सरतायत, भूक लागलीय. शेवटी ते केस काढायचं मेण खातात. चिल्लर गोष्ट म्हणतात ती ही. प्रेक्षक मेणाला हसतात, दृश्य दारापलीकडच्या भांडणाकडे गेलं की गप्प होतात, पुन्हा मेणाला हसतात. आणि शेवटच्या काही मिनिटांत कुणीच हसत नाही. तीनशे माणसं बसलेली असूनही. हशा खोटा म्हणणाऱ्यांनी ही शांतता ऐकावी.

लेखकांनी निकाल दिला नाही. दोघांच्याही हातात पुरेसे पुरावे ठेवले आणि पुढची सात वर्षं त्या वादावर विनोद केले. रेचलच्या अठरा पानी, पाठपोट लिहिलेल्या पत्राचा प्रसंग बघा: रॉस ते वाचता वाचता झोपतो, न वाचताच सगळं कबूल करतो आणि मग काय कबूल केलं ते कळल्यावर किंचाळतो.

मग भाचीला तो एवढा का खटकला?

थोडं गणित करू. २३६ भाग गुणिले बावीस मिनिटं म्हणजे सुमारे साडेशहाऐंशी तास. तीन आठवड्यांत संपवायचे तर रोज चार तास. (तिच्या आईने हे वाचू नये.)

मार्क मालिकेत येतो तिथपासून 'ब्रेक'पर्यंत पाच भाग होतात. १९९७ साली ते बघायला महिनाभर लागला. दर गुरुवारी रॉस थोडासा जळायचा, मग सहा दिवस तो आपल्या आयुष्यात नसायचा आणि पुढच्या गुरुवारी भेटला की जुना माणूस म्हणून आपण त्याला माफ करायचो. भाचीने तेच पाच भाग दोन तासांच्या आत बघितले. तिला रॉस सलग, न थांबता जळताना दिसला. महिन्यातून एकदा चिडणारा मामा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिडणारा मामा यांत जो फरक, तोच.

शिवाय तिला शेवट आधीच माहीत होता. रॉसचे तीन घटस्फोट होतात हे पहिल्या सीझनच्या आधीच ऐकलेलं. आम्हाला दिसला होता तो बायको सोडून गेलेला, ओल्या कोंबडीसारखा बसलेला पहिल्या भागातला रॉस, आणि पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्याचा संशय आम्हाला जखमेसारखा दिसला, तिला सवयीसारखा.

कोण बरोबर? मला वाटतं, दोघी. एक एवढंच, की ही मालिका आठवड्याच्या अंतराने बघायला लिहिली होती. प्रत्येक भागात पात्रांना थोडंसं पुन्हा जुन्या जागेवर आणून बसवावं लागे, कारण मागचा भाग हुकलेला प्रेक्षकही धरायचा होता. सलग बघताना हीच सोय 'हा माणूस सुधारतच नाही' अशी दिसते.

ते घर त्यांना परवडतं कसं?

हा आक्षेप पटकन उरकू. मोनिका स्वयंपाकी, रेचल सुरुवातीला कॉफीच्या दुकानात, आणि घर मॅनहॅटनमध्ये एवढं मोठं. मालिका उत्तर देते: घर आजीच्या नावावर, जुन्या गोठवलेल्या भाड्याचं. न्यूयॉर्कमध्ये अशी भाडी खरोखर आहेत, पण घरातल्या माणसाला ती हक्काने मिळवायची तर मूळ भाडेकरूबरोबर काही काळ राहिलेलं असावं लागतं. मोनिकाने ते केलेलं नाही. चौथ्या सीझनमध्ये इमारतीचा देखभालवाला हे बाहेर काढायची धमकीही देतो. म्हणजे लेखकांना भोक माहीत होतं, त्यांनी त्यातूनच एक गोष्ट काढली. खरं उत्तर मात्र साधं आहे: लहान घरात चार कॅमेरे मावत नाहीत.

तेव्हाचे विनोद आज कसे चालतील?

काही चालत नाहीत. न्यूयॉर्कसारख्या शहरात सहाही मित्र गोरे. मोनिकाच्या जुन्या लठ्ठपणावरचे विनोद. पुरुष मुलं सांभाळायच्या कामाला आला की रॉसची होणारी पंचाईत. चँडलरच्या पारलिंगी वडिलांवरून सतत चाललेली टिंगल, जी मला तर पहिल्यांदाही आवडली नव्हती. हे आजच्या पोरांचे नखरे नाहीत. मार्टा कॉफमन यांनी स्वतः २०२२ मध्ये चुका मान्य केल्या आणि ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकन व आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासासाठी ४० लाख डॉलर दिले.

पण घड्याळ दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं. जानेवारी १९९६ मध्ये याच मालिकेने रॉसच्या पहिल्या बायकोचं तिच्या मैत्रिणीशी लग्न लावलं. अमेरिकेतल्या काही स्थानिक केंद्रांनी तो भाग दाखवायला नकार दिला. अमेरिकेत सगळीकडे असं लग्न कायदेशीर व्हायला २०१५ उजाडलं. म्हणजे एकाच मालिकेत काळाच्या पुढचं आणि काळातच अडकलेलं शेजारी-शेजारी बसलंय, अगदी त्या तीन गोष्टींसारखं. ज्याला जे आधी दिसतं, तो त्यावरून मत बनवतो.

आणि ही मैत्री तरी खरी आहे का?

"असे मित्र कुणाला असतात? रोज, सगळे, एकाच सोफ्यावर?" नाही असत. त्या वयात लोक नोकरीत बुडालेले असतात आणि भेटायची तारीख तीनदा पुढे जाते. पण पडद्यामागे एक गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे. सहा नटांचं मानधन आधी सारखं नव्हतं. रॉस-रेचलची जोडी गाजत होती, त्या दोघांना जास्त मागता आलं असतं. त्याऐवजी सहाही जण एकत्र वाटाघाटीला बसले आणि सगळ्यांना सारखेच पैसे मागितले. शेवटच्या दोन सीझनमध्ये प्रत्येकाला भागामागे दहा लाख डॉलर मिळाले. पैशावरून मोडलेल्या मैत्र्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना याची किंमत कळेल.

राहिला आपला आणि त्यांचा संबंध. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसांशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी ओळखीला 'पॅरासोशल' असं नाव दिलं. मराठीत तिला 'एकतर्फी ओळख' म्हटलं तरी पुरे. तुम्हाला त्यांचं सगळं माहीत, त्यांना तुमचं नावही नाही. पण मन हा हिशेब ठेवत नाही. दहा वर्षं दर आठवड्याला भेटलेला चेहरा त्याच्या लेखी ओळखीचाच.

२८ ऑक्टोबर २०२३ ला मॅथ्यू पेरी गेला. न्यूयॉर्कमध्ये बेडफर्ड आणि ग्रोव्ह रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक इमारत आहे, मालिकेत मोनिका, चँडलर वगैरेंची घरं असलेली इमारत म्हणून तीच बाहेरून दाखवत. पेरी तिथे कधी राहिला नाही, चित्रीकरण तर सुमारे अडीच हजार मैलांवर चालायचं. लोक त्या इमारतीपाशी फुलं ठेवून गेले. भाचीने तो फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे मात्र मला कळलं."